गुरुवारची सुई, शनिवारचा कागद

मी एक जुने लाटणे आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार भित्रे आहे. तुमच्याकडे म्हणे लाटण्याला घरातली माणसे घाबरतात. माझे उलटे आहे. मी आगीला भिते, उंचीला भिते, पुठ्ठ्याच्या खोक्याला भिते. आणि माणसे गप्प बसली की सगळ्यात जास्त भिते.

आगीची भीती जन्मापासूनची. अमेरिकेत मिनेसोटातल्या हेगलँड गावी हॉल्वोर नावाच्या शेतकऱ्याने ऐन थंडीत गोठ्यात बसून मला घडवले. बर्च झाडाच्या एकाच ओंडक्यातून त्याने दोन लाटणी काढली. माझ्या पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खाचा पाडल्या, म्हणजे बटाट्याची मऊ कणीक अंगाला चिकटू नये. माझ्या भावाच्या खाचा पाडताना त्याला चीर गेली. हॉल्वोरने त्याला एकदा फिरवून पाहिले आणि शेगडीत टाकले. मी टेबलावर होते. मी सगळे पाहिले. तेव्हापासून अंगात कुठे जरा 'कट्' वाजले की मला वाटते, झाले, आता आपली पाळी.

पण माझी पाळी नव्वद वर्षे आली नाही. हॉल्वोरच्या बायकोनंतर मी तिच्या नातीच्या, मर्नाच्या, हाती आले. मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. बांध्याने ठेंगणी, बोलायला कमी. दर ऑक्टोबरात ती मला कापडी खोळीत घालून चर्चच्या तळघरात न्यायची. तिथे गावातल्या बायका चर्चच्या मेजवानीसाठी लेफ्सा करतात. लेफ्सा म्हणजे उकडलेल्या बटाट्याची, कागदासारखी पातळ, हातभर रुंदीची पोळी. लोणी आणि साखर लावून गुंडाळून खायची. मर्नाची पोळी इतकी पातळ असायची, की उचलून धरली तर पलीकडची भिंत दिसे. तळघराची कारभारीण लावोन. ती दर वर्षी मर्नाच्या ओट्यापाशी यायची, पोळी उजेडात धरायची आणि म्हणायची, "हं. वाईट नाही."

या गावात याहून मोठे कौतुक नसते. मर्ना लाल व्हायची आणि म्हणायची, "छे, आज कणीकच बरी होती."

लावोनचा एक तक्ता असे. मोठा तपकिरी कागद, भिंतीवर फ्रिजशेजारी चिकटवलेला. त्यावर जाड निळ्या पेनाने कामे लिहिलेली: कोण लाटणार, कोण तव्यावर भाजणार, कोण पिशव्या भरणार. ऐनवेळी कुणाचे काम बदलले तर लावोन जुने नाव खोडून नवे काम लिही, आणि पुढे कारणही लिही. वर तारीख आणि वार. "कारण नको लिहायला? नाहीतर पुढच्या वर्षी म्हणाल, लावोन आपल्या मैत्रिणींनाच लाटायला देते," असे तिचे म्हणणे. मग ते तक्ते ती वर्षानुवर्षे डब्यात जपून ठेवी.

आता त्या गुरुवाराकडे येते.

लेफ्साचे बटाटे दोन दिवस आधी उकडून ठेवावे लागतात. त्या वर्षी गुरुवारी बटाट्यांचाच दिवस होता आणि लावोननेच फ्लूच्या लशीचे टेबलही तळघरात मांडून घेतले होते, म्हणजे बायकांची खेप वाचेल. एक तरुण परिचारिका आली होती. गोड मुलगी. दुपारचे दोन वाजले होते, रांग लांब, चुलीवर पातेली खदखदत होती.

मर्ना खुर्चीवर बसली. तिने जाड लोकरीचा स्वेटर घातला होता. बाही दंडापर्यंत वर जाईना.

"राहू द्या, गळ्याकडूनच ओढा जरा खाली," परिचारिका उभ्याउभ्याच म्हणाली.

"अगं आटपा गं तिकडे!" लावोन ओरडली. "बटाट्यांचा लगदा होतोय!"

मर्नाने गळा ओढला. दंड काही उघडा पडला नाही, उजव्या खांद्याचा माथा तेवढा उघडा पडला. सुई तिथेच गेली. हाडाच्या लगेच खाली, जिथे जायला हवी होती त्या जागेच्या चांगली दोन बोटे वर. मर्नाने डोळे मिटले. मी ओट्यावरून पाहत होते. तिची डावी मूठ वळली होती.

"दुखलं का हो?"

"छे छे. छान टोचलीत."

मित्रांनो, मी लशीला दोष देत नाही. त्या दिवशी सतराजणींनी ती घेतली. सोळाजणी संध्याकाळी पातेली घासून हसतखेळत घरी गेल्या. दोष औषधाचा नव्हता, जागेचा होता.

शनिवारी सकाळी मर्नाने मला खोळीतून काढले तेव्हाच मला कळले. माणसाचा तळवा मला वाचता येतो. तिचा उजवा तळवा घामाने थंड होता. पहिल्या पोळीला तिने मला पुढे ढकलले आणि तिच्या तोंडून बारीक श्वास निघाला. दुसरीला तिने ओठ चावला. तिसरीला माझ्यावरची पकडच गेली. मी ओट्यावरून घरंगळले आणि धरायच्या मुठीवरच सिमेंटच्या जमिनीवर आपटले.

कट्.

मी डोळे मिटून घेतले असते, पण माझ्या डोळ्यांना पापण्या नाहीत. मुठीचा एक टवका उडून गेला होता. सगळ्या बायका वळून पाहू लागल्या. तव्यावर भाजायला ग्वेन होती, तीही पाहत राहिली, आणि क्षणात करपल्याचा वास सुटला.

लावोन आली. "काय गं मर्ना? हाताला काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? पांढरी पडलीस!"

"काही नाही गं. परवाच्या सुईनं खांदा जरा धरलाय. गुरुवारपासून हात वर होत नाहीये, एवढंच."

एवढेच! एवढे एकदाच बोलली ती. पुढे दोन वर्षे बोलली नाही.

लावोनने लगेच पेन उघडले. 'मर्ना: लाटणे' खोडले. पुढे लिहिले, 'मर्ना: पिशव्या. कारण: खांदा, गुरुवारच्या सुईपासून.' त्याखाली ग्वेनचे तव्यावरचे नाव खोडले आणि लिहिले, 'ग्वेन: भांडी. कारण: करपवते.' भिंतीवर, सगळ्यांसमोर, जाड निळ्या अक्षरात.

मर्ना दिवसभर डाव्या हाताने पिशव्या भरत राहिली. येताजाता प्रत्येक बाई तक्ता वाचायची आणि तिच्याकडे पाहून हळूच हसायची. वाईट हसणे नव्हते ते. पण मर्नाच्या घराण्यात कुणी आपले दुखणे भिंतीवर लावलेले नव्हते. संध्याकाळी बायका वर कॉफीला गेल्या, तेव्हा ती मागे राहिली. तिने डाव्या हाताने तो तक्ता भिंतीवरून उतरवला. मला त्यात गुंडाळले, वर दोरी बांधली आणि खोळीत घातले. अक्षरे आतल्या बाजूला, माझ्या पोटाला लागून.

मी घाबरून गेले. चोरीचा माल माझ्या अंगावर होता.

सोमवारी मर्नाच्या घरी फोन वाजला. मी फोनच्या वरच्या कपाटात होते. लावोनचा आवाज तारेतून बाहेर येत होता. "तक्ता गेला! सबंध तळघर पालथं घातलं. ग्वेननंच नेलाय, दुसरं कोण? 'करपवते' लिहिलं ना मी, झोंबलं तिला!"

"हो का," मर्ना म्हणाली. "अच्छा."

आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून ग्वेन तळघरात येईनाशी झाली.

त्यानंतर माझे दिवस अंधारात गेले. पण कान होते. कपाटाखाली काय चालले आहे ते मला ऐकू यायचे. मर्ना केस विंचरेना झाली. स्वेटर घालताना थांबायची, दम खायची. शाळेतले मोठे ट्रे उचलवेनात, म्हणून आधी तास कमी झाले, मग नोकरीच गेली. मुलगी विचारायची, "आई, बरी आहेस ना?" की ठरलेले उत्तर, "बरंय. चालायचंच." माझ्या पोटावर लिहिलेले होते खरे काय ते, आणि मला तोंड नव्हते.

मुलीचे नाव ब्रिट. पुढच्या उन्हाळ्यात तिला बाळ झाले, एल्सी. ब्रिट कामावर जाऊ लागली तशी एल्सी दिवसा आजीकडे राहू लागली. एल्सी पाच महिन्यांची असताना एके सकाळी मर्नाने तिला टेबलावरून उचलले. ब्रिट दारात बूट घालत होती. मला आधी मर्नाचा तो बारीक श्वास ऐकू आला, लाटताना यायचा तोच. मग ब्रिटची किंकाळी.

बाळ पडले नाही. मर्नाने गुडघा पुढे केला आणि एल्सी तिच्या मांडीवरून घसरत ब्रिटच्या हातात आली. रडलीसुद्धा नाही. पण नंतर स्वयंपाकघरात जी शांतता झाली, तिच्याइतके मी शेगडीलाही भ्याले नव्हते.

"आई," ब्रिट म्हणाली, "किती दिवस झालेत हाताला?"

मर्नाने डाव्या हाताने एल्सीचा मोजा वर ओढला.

"दिवस नाहीत ना? वर्ष झालंय. त्या लशीपासूनच तू उजव्या हातानं काही उचलत नाहीस, आठवतंय मला."

"मला तिला घ्यायचंय गं," मर्ना एवढेच म्हणाली. "मला फक्त तिला उचलून घेता यायला हवंय."

त्या दिवसापासून प्रकरण सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, सुई खांद्याच्या सांध्याजवळ गेली, आत सूज येऊन खांदा आखडला, शस्त्रक्रिया करून मग महिनोन्महिने व्यायाम हवा. त्याला पैसा कुठून आणायचा? ब्रिटने शोधून काढले, की लशीमुळे असे काही झाले तर त्यासाठी सरकारचा वेगळा निधी असतो आणि त्यातून भरपाई मागता येते.

"त्या गोड मुलीवर खटला भरायचा? मी नाही," मर्ना म्हणाली.

"तिच्यावर नाही गं आई. कुणावरच नाही. प्रत्येक लशीमागे थोडं बाजूला काढून ठेवलेलं असतं, ते अशाच माणसांसाठी. तू काही लुबाडत नाहीयेस कुणाला."

वकीलबाई मिळाल्या. दूर राजधानीत अर्ज गेला. आणि काही महिन्यांनी उत्तर आले. ब्रिटने ते टेबलाशी बसून मोठ्याने वाचले. अट अशी होती, की दुखणे लस घेतल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू झालेले असायला हवे. आणि मर्नाच्या डॉक्टरांच्या कागदात काय होते? लशीनंतर चार आठवड्यांनी ती रक्तदाब तपासायला गेली होती. तिथे लिहिले होते, 'रुग्णाची कसलीही तक्रार नाही.'

"आई! तेव्हा हात वर होत नव्हता ना तुझा?"

"अगं, त्यांनी विचारलं कशा आहात. मी म्हटलं, तक्रार करण्यासारखं काही नाही. असंच म्हणतात ना!"

"आणि फेब्रुवारीत? 'काही दिवसांपासून थोडे अवघडले आहे.' काही दिवस? चार महिने झाले होते!"

"त्या डॉक्टरला किती पेशंट असतात. त्याचा वेळ कशाला खायचा?"

ब्रिटने कपाळ टेबलावर टेकले. मग उठून बसली. "साठ दिवस दिलेत. त्या दोन दिवसांतला काहीतरी पुरावा हवा. कुणी पाहिलं असेल? लावोननं? कुठे काही लिहिलेलं असेल?"

मित्रांनो, त्या क्षणी मर्नाने वर पाहिले. खोळीच्या उघड्या तोंडातून, कपाटाच्या फटीतून मला तिचे डोळे दिसले. सरळ माझ्याकडे. तिला आठवत होते. माझ्या अंगाशी तो कागद कुरकुरला असे मला वाटले.

"नाही," ती म्हणाली. "आणि लावोनला काही सांगू नकोस. सगळ्या गावात होईल."

मला तिची भीती ओळखता आली, कारण ती माझ्याच जातीची होती. तक्ता दाखवायचा तर तो आपण नेला हे सांगायला हवे. दोन वर्षे ग्वेनवर आळ होता आणि आपण 'अच्छा' म्हणून फोन ठेवला, हे सांगायला हवे. ती हात गमवायला तयार होती, पण हे बोलायला नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला कपाटातून काढले. मला वाटले, आली हिंमत! पण तिने मला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले. खाली जुन्या बशा, वर फुटके घड्याळ. चर्चमध्ये जुन्या वस्तूंची विक्री होती. खोळ तिने काढून घेतली, दोरी आणि कागद तसाच. माझ्यासोबत तो कागदही गावातून निघून जावा, अशी तिची इच्छा होती. गाडीत मी सारखे एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटत होते. कोण घेईल? शेकोटीसाठी घेईल का? आणि हा कागद? तो तर पहिल्याच कचऱ्याच्या डब्यात जाणार. मग एल्सीला कोण उचलणार?

विक्री त्याच तळघरात होती. तोच ओटा. टेबलामागे लावोन, आणि मदतीला मर्ना, डाव्या हाताने पिशव्या देत. शहरातून आलेल्या एका बाईने मला उचलले.

"लाटणं दिसतंय. भिंतीवर छान दिसेल," ती म्हणाली आणि दोरी सोडू लागली.

मर्ना टेबलामागे उभी होती, चार पावलांवर. मी तिच्याकडे पाहत होते. दोरी सुटली. कागद उलगडला. बाईने तो न वाचताच चुरगळला आणि डब्याकडे हात नेला.

"थांबा!"

ओरडली ती लावोन. तिने झडप घालून कागद घेतला, ओट्यावर ठेवून तळव्याने सरळ केला. "हा माझा तक्ता आहे! दोन वर्षं शोधतेय मी! हे लाटणं कुणाच्या खोक्यातलं?" मग तिने माझ्या मुठीचा टवका पाहिला. "हे तर मर्नाचं."

सगळे तळघर गप्प झाले. मला हीच शांतता नको असते.

"मर्ना," लावोन हळू म्हणाली, "ग्वेननं टाकला असेल का गं तुझ्या खोक्यात?"

बघा, किती सोपी वाट होती. नुसते 'अच्छा' म्हटले असते तरी चालले असते.

मर्नाने पिशव्या खाली ठेवल्या. "मी नेला होता," ती म्हणाली. "ग्वेननं नाही. मी. माझं नाव होतं ना त्यावर, खांदा म्हणून. सगळे वाचत होते." आणि मग तिचा आवाज फुटला. "दुखत होतं, लावोन. फार दुखत होतं. अजून दुखतंय."

लावोन तोंड उघडे ठेवून उभी. लावोनचे तोंड उघडे असून शब्द नाही, असे मी नव्वद वर्षांत पाहिले नव्हते.

"मग सांगायचं नाही का, बाई?" ती शेवटी म्हणाली. डोळे पुसले आणि लगेच चिडली. "आणि मी त्या बिचारीला दोन वर्षं शिव्या घालतेय!"

शहरातल्या बाईने मला हळूच ओट्यावर ठेवले. "मी नको घ्यायला हे," ती म्हणाली.

दोघी तशाच कोट चढवून ग्वेनकडे गेल्या. मला पिशवीत घातले होते, म्हणून मीही गेले. मर्नाने दारातच सगळे सांगितले, तक्ता, खांदा, भरपाईचा अर्ज, एका दमात, न थांबता. ग्वेन ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण करपली होतीच गं ती पोळी. तू लाटणं पाडलंस ना, मी तिकडेच बघत बसले. हात असा धरून उभी होतीस तू. म्हणून तर करपली."

लावोनने ग्वेनकडे पाहिले, मग कागदाकडे. एकाखाली एक दोन ओळी, एकीला दुसरी साक्षीदार. वर तारीख.

ब्रिटने तो कागद वकीलबाईंना पाठवला. लावोन आणि ग्वेनने जे पाहिले ते शपथेवर लिहून दिले. वकीलबाईंनी दोन पाने मागितली होती. लावोनने अकरा लिहिली, त्यात तीन पाने बटाट्यांविषयी होती. साठ दिवस संपायला नऊ दिवस उरले होते.

मग वाट पाहणे. जवळजवळ वर्षभर टपाल आले की मी दचकायचे. शेवटी पत्र आले. ब्रिटने ते वाचले आणि आईच्या गळ्यात पडली, डाव्या बाजूने, जपून. भरपाई मंजूर झाली होती. खांद्याची शस्त्रक्रिया झाली. व्यायाम अजून चालू आहे. हात कानापर्यंत जातो, डोक्यावर जात नाही. पूर्वीसारखा होईल असे कुणी म्हटलेले नाही. पण एल्सी आता धावत येते, मर्ना खाली बसते, दोन्ही हातांनी तिला कवेत घेते आणि तशीच उठते. उठताना श्वास बारीक होतो. मी अजूनही तो श्वास ऐकते आणि घाबरते.

या ऑक्टोबरात मी पुन्हा तळघरात गेले. लशीचे टेबल होतेच. मर्ना बिनबाह्यांचे पोलके घालून आली, डावा दंड पुढे केला आणि परिचारिकेला म्हणाली, "आधी तूही बस. आणि जरा खाली टोच, इथे. घाई करू नकोस, बटाटे थांबतील."

"थांबतील, थांबतील," चुलीपाशी लावोन पुटपुटली.

मला आता ब्रिट लाटायला घेते. तिची पोळी जाड होते. टवका उडालेल्या मुठीवर तिने कापड गुंडाळले आहे, आणि तव्यावर ग्वेन आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला तेल नको, काचेचे कपाट नको. माझा टवका उडाला तो सगळ्यांना दिसला, म्हणून त्यावर कापड बांधले गेले. तुमचे आतले दुखणे असे दिसत नाही. म्हणून कुणी विचारले तर 'काही नाही' म्हणू नका. डॉक्टरांनी विचारले तर मुळीच म्हणू नका. आणि तुमची आई 'बरंय, चालायचंच' म्हणाली, तर जागचे हलू नका. पुन्हा विचारा.

यंदाचा तक्ता भिंतीवर आहे. तपकिरी कागद, निळी अक्षरे. त्यात एक ओळ लावोनच्या हातची नाही. बारीक, जरा वाकडी अक्षरे आहेत. 'मर्ना: पिशव्या. कारण: दुखते.' तिने स्वतः लिहिले, पेनाला टोपण लावले आणि वर कॉफीला निघून गेली. कागद भिंतीवरच राहिला.